आखडलेला हात आधी तपासा, मग सोडवा

अर्धांगवायू होऊन सात-आठ महिने झालेल्या माणसाचा हात कोपरात दुमडून छातीशी येतो. मूठ गच्च मिटते, अंगठा आत जातो, नखं तळव्यात रुततात. घरचे म्हणतात, "हात आखडलाय." केसपेपरवर लिहिलं जातं, 'स्पॅस्टिसिटी'. दोन्हींचा अर्थ एकच, असं धरून उपचार सुरू होतात, आणि पहिली चूक इथेच होते.

आखडण्याची कारणं निरनिराळी असतात. ऑस्ट्रेलियन मेंदूतज्ज्ञ जेम्स लान्स यांनी 1980 मध्ये केलेली स्पॅस्टिसिटीची व्याख्या आजही पायाभूत मानली जाते. तिचा गाभा म्हणजे वेग. स्नायू हळू ताणला तर तो बराच सुटतो, झटक्यात ताणला तर मधेच अडतो. पार्किन्सन्समधला ताठरपणा असा नसतो. तिथे हळू वाकवा की भरभर, शिशाची नळी वाकवावी तसा विरोध सगळीकडे सारखाच लागतो. स्नायू आणि कंडरा खरोखरच आखूड झाले असतील, म्हणजे कॉन्ट्रॅक्चर असेल, तर कितीही हळू ताणलं तरी सांधा एका जागी थांबतो. आणि डिस्टोनियात स्नायू आपणहून पिळतात, कधी कधी तर फक्त पेन हातात धरल्यावर. या चौघांचे उपाय वेगळे. आखूड झालेल्या कंडरेला औषधाचा उपयोग नाही. तिथे टप्प्याटप्प्याने बदलायचं प्लास्टर, स्प्लिंट किंवा शस्त्रक्रिया लागते.

मग शिकाऊ डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट मोजपट्टीकडे वळतात. अ‍ॅशवर्थ यांची ताठरपणा मोजायची श्रेणी 1964 ची, तिची सुधारित आवृत्ती 1987 ची, आणि तिच्यात 0 पासून 4 पर्यंत सहा पायऱ्या, कारण 1 आणि 2 च्या मधे '1+' आहे. 'ग्रेड 2' लिहिलं की तपासणी झाली, असं अनेकांना वाटतं. पण ही चाचणी एकाच वेगाने होते. विरोध मज्जासंस्थेतून येतोय की आखूड झालेल्या स्नायूतून, हे तो आकडा सांगत नाही. त्यासाठी टार्ड्यू पद्धत शिकावी लागते. समजा, घोटा हळूहळू नेला तर काटकोनाच्या पुढे 10 अंशांपर्यंत वर येतो, पण झटक्यात नेला तर काटकोनाच्या 15 अंश अलीकडेच अडतो. हा 25 अंशांचा फरक म्हणजे औषधाला वाव असलेला भाग. फरक जवळजवळ शून्य निघाला तर स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनचे पैसे वाया जाणार, हे रुग्णाला आधीच सांगता येतं. हे तपासणाऱ्याच्या हाताला कळायला वेळ लागतो. रुग्ण झोपलेला की बसलेला, मान कुठे वळलेली, खोली गार आहे का, लघवी तुंबली आहे का, या सगळ्याने तोच स्नायू वेगळा लागतो.

ताठरपणा म्हणजे शत्रू, तो जितका काढाल तितकं बरं, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. अशक्त पाय ताठ असतो म्हणूनच कित्येक रुग्ण त्यावर उभे राहतात, पलंगावरून खुर्चीत जातात. तो ताठरपणा सरसकट गोळ्यांनी उतरवला तर गुडघा भार घेईनासा होतो, आणि कालपर्यंत चालणारा माणूस खुर्चीला खिळतो. उलटी बाजूही आहे. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाचे पाय एकाएकी जास्त आखडू लागले, तर डोस वाढवण्याआधी मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, पाठीवरची जखम, अंगठ्यात रुतलेलं नख शोधायचं असतं. त्याला वेदना जाणवत नाही. शरीर ती आखडून कळवतं. आणि ताठरपणा उतरवणारं बॅक्लोफेन हे औषध अचानक बंद करायचं नाही. झटके, भास, ताप येऊ शकतात, हे घरच्यांनाही ठाऊक असायला हवं.

बोट्युलिनम टॉक्सिनबद्दल लोकांना वाटतं, सुई टोचली की हात चालू लागेल. अमेरिकेत 1989 मध्ये हे औषध पहिल्यांदा मंजूर झालं ते तिरळेपणा आणि पापण्या आवळण्याच्या विकारासाठी. ते चेतातंतूच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीन सुटू देत नाही, म्हणून स्नायू सैल पडतो. परिणाम काही दिवसांत दिसतो आणि साधारण तीन महिने टिकतो. गेलेली ताकद ते परत आणत नाही. मिळालेल्या सैलपणात व्यायाम आणि स्प्लिंट केलं तरच हाती काही लागतं. ते टोचायला फक्त धीट हात पुरत नाही. एकेका बोटाला वाकवणारे स्नायूंचे पदर कोपर ते मनगट एकमेकांवर चढलेले असतात. सोनोग्राफी किंवा विद्युत उत्तेजनाने नेमका पदर शोधावा लागतो. मानेत औषध चुकीच्या जागी पसरलं तर गिळायला त्रास होतो. शिवाय एका ब्रँडचे 100 युनिट म्हणजे दुसऱ्याचे 100 नव्हेत.

हात थरथरला की 'कंपवात', म्हणजे पार्किन्सन्स, हेही आपल्याकडे घट्ट रुजलंय. पार्किन्सन्सचा कंप बहुधा हात मांडीवर निवांत ठेवल्यावर दिसतो. कप उचलताना थरथरणारा हात बऱ्याचदा 'इसेन्शियल ट्रेमर'चा असतो. काही पार्किन्सन्सग्रस्तांना कंप नसतोच, फक्त मंदपणा आणि ताठरपणा असतो. शिवाय शिकणाऱ्याने रुग्णाच्या गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतून पाहावी. चक्कर येते म्हणून महिनोन्महिने घेतलेली सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, उलटीसाठीची मेटोक्लोप्रामाइड, यांनीही हुबेहूब पार्किन्सन्ससारखी लक्षणं येतात, आणि गोळी थांबवल्यावर ती बहुतेकदा हळूहळू ओसरतात.

मान वळण्याचा डिस्टोनिया असलेले रुग्ण हनुवटीला नुसतं बोट लावून मान सरळ करतात. हे पाहून "ढोंग करतेय", "मनाचं आहे" म्हणणारे घरात असतात आणि दवाखान्यातही. वास्तविक ही खूण निदानाला मदत करते. मुलांच्या बाबतीत तर डोळे अधिकच उघडे हवेत. सकाळी बरं चालणारं आणि संध्याकाळी पाय वळवून अडखळणारं मूल 'सीपी' (सेरेब्रल पाल्सी) म्हणून वर्षानुवर्षं व्यायाम करत राहतं, आणि काही मुलांत लेव्होडोपाच्या छोट्या डोसने ते चालणं पालटतं. तरुण वयात हालचाली बिघडल्या तर तांबं साठवणारा विल्सन विकार तपासलाच पाहिजे, कारण त्यावर औषध आहे.

मुंबईत हाजी अलीला 1955 पासून पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे. या विषयाचं प्रशिक्षण देशाला नवं नाही. पण एका दिवसाच्या कार्यशाळेत सुई धरणं शिकता येतं, तपासणं नाही. चार-सहा आठवड्यांनी रुग्ण परत येतो, तेव्हा शिकणाऱ्याने तिथे असलंच पाहिजे. पहिल्या भेटीत त्याने विचारलेलं असावं, "तुम्हाला नेमकं काय सोपं व्हायला हवंय?" आणि रुग्णाचा हात धुणाऱ्या बायकोचं उत्तर कागदावर असावं: मूठ उघडून तळवा पुसता यावा, सदऱ्याच्या बाहीत हात जावा. दुसऱ्या भेटीत अंश मोजायच्या आधी तिला विचारायचं, बाहीत हात घालायला आता किती वेळ लागतो.