जिवाणू माणसाचे की किटचे?

मासळी-भातावर वाढलेल्या मुरुडच्या माणसाच्या आतड्यातले जिवाणू पुण्यातल्या शाकाहारी कुटुंबापेक्षा वेगळे असतील का? प्रश्न मोलाचा आहे. त्याचं खात्रीचं उत्तर हवं असेल, तर आधी काही समज सोडावे लागतील.

गैरसमज: शरीरात पेशींच्या दसपट जिवाणू असतात.
हा १९७२ चा ढोबळ अंदाज. २०१६ मध्ये सेंडर, फुक्स आणि मिलो यांनी नव्याने हिशेब केला. ७० किलोच्या पुरुषात पेशी सुमारे ३० लाख कोटी, जिवाणू ३८ लाख कोटी.

गैरसमज: नमुन्यात सापडलेला डीएनए त्या माणसाच्या जिवाणूंचाच.
डीएनए काढायच्या किटमध्येही जिवाणूंचा डीएनए असतो. २०१४ मध्ये सॅल्टर आणि सहकाऱ्यांनी एकाच जातीच्या साल्मोनेलाचं शुद्ध कल्चर पातळ करत नेलं. अगदी पातळ नमुन्यांत साल्मोनेला मागे पडला आणि भलतेच जिवाणू वर आले. त्याच वर्षी ‘गर्भाच्या वारेत जिवाणूंची वस्ती असते’ हा शोध गाजला. २०१९ मध्ये केंब्रिजच्या गटाने ५०० हून अधिक बाळंतिणींच्या वारा तपासल्या, तेव्हा सापडलेले बहुतेक जिवाणू किटमधले किंवा प्रसूतीच्या वेळी लागलेले ठरले. म्हणून दर खेपेला नमुन्याविना एक रिकामी नळीही तपासायला हवी आणि तिच्यात काय निघालं ते छापायला हवं. ते लपवणारा अभ्यास माझ्या लेखी अपुराच.

गैरसमज: डीएनए वाचणारं यंत्र महागडं, म्हणजे निकाल पक्का.
चूक बहुतेकदा यंत्राच्या आधीच होते. विष्ठेचा नमुना किनाऱ्यावरच्या उकाड्यात तसाच राहिला, तर काही जिवाणू नळीतच वाढतात. मासळीला लागतो तसा बर्फ किंवा टिकवणारं द्रावण इथेही तातडीने लागतं. पुढे प्रयोगशाळेत जाड भिंतीचे जिवाणू फोडायला नळीत बारीक मणी घालून ती जोरात हलवतात. त्यात कसूर झाली, की ते जिवाणू यादीतून गळतात. २०१७ मध्ये एका अभ्यासात विष्ठेच्या सारख्याच नमुन्यांवर डीएनए काढण्याच्या २१ पद्धती वापरून पाहिल्या, तर निकालांत ठळक फरक पडला. मुरुडचे सगळे नमुने एका किटने आणि पुण्याचे दुसऱ्या किटने तपासले, तर दिसणारा फरक आहाराचा की किटचा, हे कुणीच सांगू शकणार नाही. दोन्हीकडचे नमुने मिसळूनच प्रत्येक खेप लावावी.

अमेरिकेच्या ‘निस्ट’ संस्थेने मार्च २०२५ मध्ये मानवी विष्ठेचा संदर्भ-नमुना उपलब्ध केला. मुरुड-पुण्याच्या नमुन्यांसोबत प्रत्येक खेपेत तोही चालवला, तर दुसऱ्या प्रयोगशाळेला आपला निकाल ताडून पाहता येईल.