सातव्या महिन्यातलं पोट

आधी एक खुलासा. माझ्या नावाआधी 'डॉ.' लागतं ते तत्त्वज्ञानामुळे. आमच्या देवनारच्या कॉलनीत अजूनही कुणीतरी तापलेलं पोर कडेवर घेऊन बेल वाजवतं, आणि मी हात जोडून त्याला खऱ्या डॉक्टरकडे पाठवतो. तेव्हा आज मी बोलतोय तो आजोबा म्हणून. माझी नात 31व्या आठवड्यात जन्मली, वजन 1400 ग्रॅम. त्या दीड महिन्यात जे शिकावं लागलं, ते सांगतो.

पहिल्याच रात्री घरातलं एक वडीलधारं माणूस म्हणालं, "सातवा आहे ना, मग जगेल. आठवा असता तर कठीण होतं." ही समजूत फक्त आपलीच नाही बरं का. हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांत आठमासी बाळावर स्वतंत्र प्रकरण आहे. चरक सांगतो की आठव्या महिन्यात ओज आई आणि गर्भ यांच्यात ये-जा करतं, म्हणून तेव्हाचं बाळंतपण धोक्याचं. ॲरिस्टॉटलनं मात्र नोंदवलं की इजिप्तमध्ये आठमासी मुलंही जगतात. एवढी विरोधी नोंद समोर असूनही समजूत दोन हजार वर्षं टिकली! खरी गोष्ट साधी आहे. पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

आता पोटाकडे येऊ. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तीन गोष्टींचा मेळ साधारण 34व्या आठवड्याच्या सुमारास बसतो. त्याआधी नाकातून किंवा तोंडातून बारीक नळी घालून दूध द्यावं लागतं, तेही एकेक-दोनदोन मिलिलिटर. मग वाटी-चमचा. आपल्याकडे पूर्वी बोंडलं असायचं, तशाच चोचीच्या भांड्यानं अजूनही काही ठिकाणी पाजतात.

आतड्याचं म्हणाल तर ती बांधकाम चालू असलेली इमारत. भिंती उभ्या आहेत, पण दारं-खिडक्या बसलेल्या नाहीत. जंतू आत शिरतात, सूज येते, कधी आतड्याचा तुकडाच मरतो. या आजाराला नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस म्हणतात. 1990 साली 'लॅन्सेट'मध्ये लुकास आणि कोल यांचा अभ्यास आला. केवळ पावडरच्या दुधावरच्या अकाली बाळांमध्ये हा आजार केवळ आईच्या दुधावरच्या बाळांपेक्षा 6 ते 10 पट जास्त आढळला. मग काही देऊच नये का? तेही नाही. रिकामं ठेवलेलं आतडं झिजतं. म्हणून शक्य असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांतच आईच्या दुधाचे थेंब सुरू करतात.

आणि ते पहिले थेंब म्हणजे चीक. गंमत बघा, गाईच्या चिकाचा खरवस आपण वेलदोडा घालून मिटक्या मारत खातो, आणि काही घरांत बाळंतिणीचा चीक मात्र 'जड' म्हणून पिळून टाकतात!

आणखी एक गोष्ट. आईच्या दुधात काही साखरा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. लॅक्टोज आणि स्निग्धांश सोडले तर दुधातल्या घन पदार्थांत त्यांचाच क्रमांक लागतो. मग त्या आहेत कशाला? आतड्यातल्या बिफिडो जातीच्या जिवाणूंसाठी. हे जिवाणू त्या खातात, वाढतात आणि वाईट जंतूंना जागा उरू देत नाहीत. म्हणजे आई एकाच वेळी दोघांना जेवू घालते. 'मी' म्हणजे नेमका कोण, हे मी वर्गात तीस वर्षं शिकवलं. हे वाचल्यावर ती टिपणं परत काढावीशी वाटली.

पण आईला दूधच आलं नाही तर? अकाली बाळंतपणात हे नेहमी घडतं. इथून थोड्याच अंतरावर, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, 27 नोव्हेंबर 1989 रोजी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानं आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू झाली. दूध देणाऱ्या आईची रक्ततपासणी होते, दूध 62.5 अंशांवर 30 मिनिटं तापवतात आणि गोठवून ठेवतात. तापवल्यानं काही गुण जातात. चरबी पचवणारं विकर तर मरतंच. म्हणून पहिला मान आईच्या ताज्या दुधाचा, मग पेढीचा, आणि पावडर शेवटी. आमच्या भागातल्या काही मुस्लिम कुटुंबांना वेगळा प्रश्न पडतो. एकाच स्त्रीचं दूध प्यायलेली मुलं दूधभावंडं ठरतात, त्यांचं लग्न होत नाही. मग मिसळलेल्या दुधाचं काय? धर्मपंडितांतही यावर एकमत नाही. हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. त्या घरांशी नीट बोलावं.

फार कमी वजनाच्या बाळाला नुसतं दूधही पुरत नाही. प्रथिनं, कॅल्शियम, फॉस्फरस वरून मिसळावं लागतं, पुढे लोह आणि ड जीवनसत्त्व. ते डॉक्टरांनी ठरवायचं.

आता माझी चूक सांगतो. चौथ्या दिवशी मी खिशात मधाची छोटी बाटली आणि सोन्याची अंगठी घेऊन गेलो होतो, चाटवायला. दारातच सिस्टरनं अडवलं. मला राग आला, हो. घरी येऊन वाचलं तेव्हा गार पडलो. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना त्यांचं काही होत नाही, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि त्यांच्या विषानं स्नायू लुळे पडतात. बाळगुटीचंही तसंच. वेखंड, मुरुडशेंग, हिरडा यांच्याशी माझं भांडण नाही. पण उगाळायची सहाण, वरचं पाणी, आणि समोर ते दारं-खिडक्या नसलेलं आतडं!

मागच्या रांगेतल्या बाईंनी चिठ्ठीवर विचारलंय, उष्टावण कधी करायचं? अकाली बाळाचं वय मोजताना जितके आठवडे लवकर आलं तितके वजा करतात. आमचे 9 वजा झाले. शिवाय मान धरते का, आधारानं बसते का, हे बघायचं आणि डॉक्टरांना विचारायचं. त्या हिशेबानं आमच्या नातीचे सहा महिने भरले ते आठव्या महिन्यात. "मुलीचं विषम महिन्यात करतात," म्हणून आत्याबाई रुसल्या. शेवटी त्याच आल्या, मामानं मऊ वरणभात भरवला, आणि पहिला घास पोरीनं मामाच्या शर्टावर थुंकला. अंगठी कपाटातच होती.