बंडल उडवलं आणि तीन दिवसांचं काम गेलं : लाइफरे वर्कस्पेस नीट कसं लावायचं?

फोन फारच हँग व्हायला लागला की आपण काय करतो? बॅकअप घेतला की नाही हे आठवतो आणि मग फॅक्टरी रिसेट मारतो. मी माझ्या पहिल्या नोकरीत, सहाव्या महिन्यात, हाच रिसेट लॅपटॉपवरच्या एका पोर्टलला मारला. बॅकअपचं मात्र आठवलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी 11 वाजता क्लायंटसमोर डेमो होता.

ती रात्र कशी गेली ते पुढे सांगतो. पण त्यातून जे कळलं ते सगळं डेव्हलपमेंट वर्कस्पेस लावण्याबद्दलचं आहे, म्हणून आधी ते.

आपण रिझल्ट बघतो, रजेचा अर्ज भरतो, कंपनीची पगाराची स्लिप डाउनलोड करतो, अशा साइट्सना पोर्टल म्हणतात. साध्या वेबसाइटपेक्षा हे प्रकरण मोठं असतं. लॉगिन, कोणाला काय दिसावं याच्या परवानग्या, फॉर्म, फाइल्स, सूचना, सगळं एकाच छताखाली. हे दरवेळी शून्यापासून कोणी लिहीत बसत नाही. तयार प्लॅटफॉर्म घेतात आणि त्यावर आपलं काम चढवतात. लाइफरे हा असाच एक प्लॅटफॉर्म. ब्रायन चॅन यांनी 2000 साली सुरू केलेला, जावामध्ये लिहिलेला, आणि त्याची कम्युनिटी आवृत्ती ओपन सोर्स आहे. म्हणजे शिकायला पैसे लागत नाहीत. लागतो तो रॅम. 8 जीबीच्या लॅपटॉपवर चालतं, पण ब्राउझर आणि एडिटर सोबत उघडले की पंखा ओरडायला लागतो. 16 जीबी असेल तर सुखात राहाल.

सुरुवात

लाइफरे 7.4 साठी मी जावा 11 वापरतो. टर्मिनलमध्ये जावाची आवृत्ती विचारा, 11 दिसली की पुढे जा. नंतर ब्लेड नावाचं लाइफरेचं छोटं कमांड-लाइन साधन टाका. इथून पुढे कमांड मी उच्चारानुसार लिहितोय, टाइप मात्र इंग्रजीतच करायच्या.

फोल्डर कुठे करताय ते बघा. विंडोजवर असाल तर डेस्कटॉपच्या आत, त्यातल्या फोल्डरच्या आत, 'नवीन प्रोजेक्ट फायनल' असं काही करू नका. स्पेस नको, देवनागरी नाव नको, पाथ छोटा हवा. विंडोजला 260 अक्षरांपेक्षा लांब पाथ अजूनही अनेक ठिकाणी झेपत नाही आणि जावातल्या फाइलींची नावं तर रेल्वेसारखी लांब असतात.

आता त्या फोल्डरमध्ये 'ब्लेड इनिट' ही कमांड द्या आणि लाइफरेची आवृत्ती निवडा. काही सेकंदांत एक सांगाडा तयार होतो. त्यात 'मोड्यूल्स' आणि 'थीम्स' हे आपल्या कोडसाठी, 'कॉन्फिग्ज' हे सेटिंगसाठी, आणि 'ग्रेडल डॉट प्रॉपर्टीज' ही एक फाइल. या फाइलमध्ये लाइफरेची नेमकी आवृत्ती लिहिलेली असते, उदाहरणार्थ पोर्टल-7.4-जीए120. ही एक ओळ टीममध्ये सगळ्यांची सारखी असली की 'माझ्या मशीनवर तर चालतंय' ही भांडणं निम्मी संपतात. ग्रेडल वेगळं इन्स्टॉल करायची गरज नाही, सांगाड्यातच त्याचा रॅपर असतो आणि तो हवी ती आवृत्ती स्वतः आणतो.

यात अजून खुद्द लाइफरे नाहीच. ते आणायला 'ग्रेडल-डब्ल्यू इनिटबंडल'. ही कमांड टॉमकॅट सर्व्हरसकट पूर्ण लाइफरे डाउनलोड करते आणि 'बंडल्स' नावाच्या फोल्डरमध्ये उघडून ठेवते. डाउनलोड शेकडो एमबीचं आहे, तेव्हा फोनच्या हॉटस्पॉटवर करणार असाल तर रोजचा दीड जीबी डोळ्यांदेखत जाईल. कॉलेजच्या किंवा घरच्या वायफायवर करा. एकदा उतरलं की त्याची प्रत तुमच्या होम फोल्डरमध्ये साठते, परत उतरवावं लागत नाही.

मग 'ब्लेड सर्व्हर रन'. पहिल्यांदा सुरू व्हायला काही मिनिटं लागतात, अडकलंय समजून बंद करू नका. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, पोर्ट 8080 उघडा. पोर्टल समोर.

इथपर्यंत मी पहिल्याच दिवशी पोचलो होतो आणि वाटलं की झालं सगळं.

तर झालं असं

कर्मचाऱ्यांसाठीचं पोर्टल होतं. मी तीन दिवस बसून ब्राउझरमधूनच सोळा पानं रचली. सूचना, रजेचा फॉर्म, फोटो, मेन्यू. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एका सेटिंगशी खेळताना पोर्टलच उघडेना. टीममधल्या सीनिअर ताईंना फोन लावला. त्या घाईत होत्या, म्हणाल्या, "अरे, बंडल्स उडव आणि परत इनिटबंडल कर, पाच मिनिटांचं काम आहे."

मी उडवलं. पाच मिनिटांनी पोर्टल छान सुरू झालं. पहिल्या दिवशी दिसलं होतं तसं, कोरं करकरीत.

परत फोन केला. पलीकडून जरा शांतता. मग, "तुझा डेटाबेस कुठे होता?"

मला खरंच माहीत नव्हतं. पोर्टल चालत होतं म्हणजे डेटाबेस कुठेतरी असणार, एवढंच. लाइफरेला तुम्ही काहीच सांगितलं नाही तर ते हायपरसॉनिक नावाचा छोटा डेटाबेस वापरतं, आणि त्याच्या फाइली असतात बंडल्समधल्याच 'डेटा' फोल्डरमध्ये. 'हे खऱ्या वापरासाठी नाही' असा इशारा सर्व्हर सुरू होताना लॉगमध्ये येतो. तो मी तीन दिवस रोज पाहिला होता. ॲपचं अपडेट आलंय सांगणारी पट्टी आपण जशी बाजूला सारतो, तसा सारला.

ताईंचा सल्ला चुकीचा नव्हता. बाकी सगळ्यांचे डेटाबेस मायएसक्यूएलवर होते, त्यामुळे त्यांच्यासाठी बंडल्स ही कधीही टाकून द्यायची वस्तू होती. माझ्यासाठी तेच एकमेव कपाट होतं, आणि मी कपाटच जाळलं. रात्री 3 पर्यंत बसून सोळापैकी नऊ पानं परत उभी केली. डेमो त्या नऊवरच झाला. उरलेली पानं कुठे आहेत हा प्रश्न आला तेव्हा उत्तर मलाच द्यावं लागलं.

कपाट बाहेर काढा

वर्कस्पेसची सगळी रचनाच बंडल्स टाकून देता यावं अशी केलेली आहे. गिटमध्ये ते जात नाही, सांगाड्यासोबत येणाऱ्या गिटइग्नोअर फाइलमध्ये त्याचं नाव आधीच असतं. म्हणून बंडल्सच्या आत हाताने काहीही बदललं की ते आपल्यापुरतं आणि तात्पुरतं समजायचं. कायमचं जे आहे ते 'कॉन्फिग्ज'मध्ये.

कॉन्फिग्जच्या आत कॉमन, लोकल, डेव्ह, यूएटी, प्रॉड असे कप्पे असतात. कॉमन सगळीकडे लागू होतं. बाकीच्यांपैकी कोणता कप्पा घ्यायचा ते ग्रेडल प्रॉपर्टीजमध्ये ठरतं, काही नाही लिहिलं तर लोकल. इनिटबंडल चालवलं की त्या कप्प्यातल्या फाइली बंडल्समध्ये आपोआप ठेवल्या जातात.

तेव्हा मायएसक्यूएलमध्ये आधी एक रिकामा डेटाबेस बनवा. कॅरेक्टर सेट यूटीएफ8एमबी4 ठेवा. मायएसक्यूएल 8 मध्ये तो डीफॉल्टच आहे, पण 5.7 मध्ये डीफॉल्ट लॅटिन1 होता आणि त्यात 'सूचना फलक' लिहिलं की प्रश्नचिन्हांची रांग मिळते. जुना तीन बाइटवाला यूटीएफ8 मराठीला पुरतो, मात्र कोणीतरी इमोजी टाकतोच आणि तिथे तो अडखळतो.

मग कॉन्फिग्ज, लोकल, त्यात 'पोर्टल-एक्स्ट डॉट प्रॉपर्टीज' ही फाइल. यात जेडीबीसी डिफॉल्टच्या चार ओळी लिहायच्या : ड्रायव्हर, यूआरएल, युजरनेम, पासवर्ड. पहिल्यांदा सुरू करताना येणाऱ्या सेटअप विझार्डमध्येही डेटाबेस भरता येतो, पण तो जे भरतो ते बंडल्समधल्याच एका फाइलमध्ये जाऊन बसतं. म्हणजे परत तेच कपाट.

पासवर्डवर जरा थांबा. कॉन्फिग्ज गिटमध्ये जातं, म्हणजे त्यात लिहिलेला पासवर्डही जातो. नंतर ओळ काढून टाकली तरी गिटच्या इतिहासात तो राहतोच, ज्याच्याकडे रिपॉझिटरी आहे तो उघडून वाचू शकतो. लाइफरे हीच सेटिंग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून वाचतं. नाव जरा विचित्र होतं, कारण नावातल्या प्रत्येक टिंबाच्या जागी अक्षरशः 'पिरियड' हा शब्द लिहायचा असतो : लाइफरे_जेडीबीसी_पिरियड_डिफॉल्ट_पिरियड_पासवर्ड, सगळं कॅपिटलमध्ये. दिसायला भयंकर, पण पासवर्ड तुमच्याच मशीनवर राहतो. आणि प्रॉड कप्प्यात खरा पासवर्ड तर चुकूनही नको.

त्याच पोर्टल-एक्स्टमध्ये 'इन्क्लूड-अँड-ओव्हरराइड' म्हणून पोर्टल-डेव्हलपर प्रॉपर्टीज जोडा. याने सीएसएस आणि स्क्रिप्टचं कॅशिंग बंद होतं. नाहीतर रंग बदललाय, दहा वेळा रिफ्रेश केलंय आणि जुनाच दिसतोय, यात दुपार जाते.

कोड चढवायला 'ब्लेड डिप्लॉय'. मोड्यूलची जार फाइल बंडल्समध्ये जाते, लॉगमध्ये त्याच्या नावापुढे 'स्टार्टेड' येतं, आणि सर्व्हर बंद-चालू करावा लागत नाही. यावर जास्त काही बोलण्यासारखं नाही, चालतं.

फोनवर बघायचंय?

बघायलाच हवं, कारण कर्मचारी फोनवरूनच उघडणार. फोनमध्ये लोकलहोस्ट टाइप केलं तर काही येणार नाही, फोनचा लोकलहोस्ट म्हणजे फोनच. अँड्रॉइड असेल तर बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा, यूएसबी डीबगिंग सुरू करा, केबल जोडा. लॅपटॉपच्या क्रोममध्ये 'इन्स्पेक्ट' पान उघडून पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये 8080 ला लोकलहोस्ट 8080 जोडा. आता फोनच्या क्रोममध्ये तोच पत्ता टाका, लॅपटॉपवरचं पोर्टल फोनवर. काम झालं की डीबगिंग बंद करा.

आता मुद्दाम उडवा

हे मी आता प्रत्येक नव्या प्रोजेक्टवर करतो. पहिल्याच दिवशी, गमावण्यासारखं काही नसताना, एक पान बनवतो, एक फोटो चढवतो, सर्व्हर बंद करून बंडल्स डिलीट करतो. परत इनिटबंडल, परत डिप्लॉय, सर्व्हर सुरू.

पान दिसलं म्हणजे डेटाबेस बाहेर आहे. फोटो मात्र बहुतेक फुटलेला दिसेल! कारण चढवलेल्या फाइली डेटाबेसमध्ये नसतात, त्या मुळात बंडल्समधल्या डेटा फोल्डरमध्ये 'डॉक्युमेंट लायब्ररी'त असतात. फाइल सिस्टम स्टोअरची रूट डिरेक्टरी बाहेरच्या फोल्डरला लावणारी छोटी कॉन्फिग फाइल कॉन्फिग्जमधल्या ओएसजीआय फोल्डरात ठेवली की तेही सुटतं. आणि युजर्सची यादी रिकामी दिसली तर माझ्यासारखा फोन लावू नका. माणसं डेटाबेसमध्ये आहेत, उडालाय तो सर्चचा इंडेक्स. कंट्रोल पॅनलमध्ये सर्च उघडा, रीइंडेक्स दाबा, आणि चहा घेऊन या.