संगणकाची श्वाननिद्रा

जुन्या वाड्यांत देवघराशेजारच्या शिसवी पेटीला जो मान असे, तो आज पुष्कळ घरांतून संगणकाकडे आलेला आहे. दस्तऐवज, आयकराचे कागद, वडिलांचीं टिपणें, लग्नमुंजींचीं छायाचित्रें सारीं त्याच्या पोटांत. आणि तीं पाहूं इच्छिणारीं निम्मीं माणसें मात्र परगांवीं! बंगळुरास नोकरीवर असलेल्या चिरंजिवांस रात्रीं उशिरां पुण्याच्या घरांतील एखादा कागद हवा होतो. वृद्धांची झोपमोड करण्याचा संकोच पडतो, म्हणून संगणक अष्टौप्रहर चालू ठेवण्याचा प्रघात कित्येक कुटुंबांत पडला आहे. हा प्रघात आम्हांस उधळपट्टीचा वाटतो. रिकामा बसलेला संगणक ५० वॅट वीज घेतो असें धरलें, तरी महिन्याकांठीं ३६ युनिटें होतात. आणि तीं कशासाठीं, तर चार-दोन वेळां लागणाऱ्या कागदांसाठीं.

वस्तुतः निजलेल्या संगणकास दुरून जागें करण्याची सोय जुनीच आहे. तिला 'वेक-ऑन-लॅन' म्हणतात. १९९५ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतील एएमडी या कंपनीनें तिच्या मुळाशीं असलेली 'मॅजिक पॅकेट' नांवाची युक्ति प्रसिद्ध केली. त्याच वर्षीं संगणकाच्या वीजपेटीची 'एटीएक्स' ही नवी रचना पुढें आली, आणि या दोहोंचा मेळ चांगला बसला. पूर्वीच्या संगणकाचें बटण दाबलें कीं वीज साफ तुटे. नव्या रचनेंत संगणक 'बंद' केला तरी भिंतीवरचें बटण चालू असेपर्यंत ५ व्होल्टांचा एक बारीकसा प्रवाह आंत वाहतच राहतो. वाचकांनीं आपल्या घरीं पाहावें : बंद संगणकाच्या पाठीमागें, नेटवर्कची तार जेथें खोंचलेली असते तेथें, एखादा लहान दिवा मिणमिणतांना पुष्कळदां दिसेल. बाकीचें यंत्र कुंभकर्णासारखें घोरत असतें. जागें असतें तें केवळ नेटवर्क-कार्ड. यासच आम्ही श्वाननिद्रा म्हणतों.

हें कार्ड कशानें उठतें? प्रत्येक कार्डास ६ बाइटांचा स्वतःचा एक क्रमांक असतो. त्यास मॅक ॲड्रेस म्हणतात. जागें करणाऱ्या निरोपांत प्रथम ६ बाइट अशीं येतात कीं त्यांतील प्रत्येक बिट १ असते. त्यापाठोपाठ त्या कार्डाचा क्रमांक लागोपाठ १६ वेळां येतो. मिळून १०२ बाइट. (षोडशोपचारांशीं याचा कांहीं संबंध नाहीं, हें धार्मिक वाचकांस सांगून ठेवतों.) एवढ्या वेळां नांव घेण्याचें प्रयोजन उघड आहे : भलत्याच मजकुरांत असा क्रम योगायोगानें येणें जवळजवळ अशक्य. शेजारून हजारों निरोप गेले तरी कार्ड ढिम्म हलत नाहीं. आपलें नांव सोळा वेळां ऐकलें कीं तें मदरबोर्डास खूण करतें आणि पंखा फिरूं लागतो.

यासाठीं बायॉसमध्यें ही सोय चालू करावी लागते, आणि तेथेंच 'ईआरपी' नांवाची काटकसर असल्यास ती बंद करावी लागते. कारण ती तो बारीक प्रवाहच तोडते. विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप'ही काढून टाकावें. संगणक तारेनें जोडलेला असावा; वायफायवर ही युक्ति क्वचितच भरंवशाची ठरते.

खरी अडचण घराबाहेरून येते. हा निरोप घरांतल्या घरांत सर्वांस उद्देशून दिलेली हांक असते; राउटर अशी हांक उंबरठ्याबाहेरून आंत येऊं देत नाहीं. निवळ निजलेल्या संगणकाच्या पत्त्यावर निरोप धाडावा, तर राउटराजवळच्या टांचणवहींतून उत्तर न देणाऱ्याचें नांव थोड्याच वेळांत पुसलें जातें. यावर कोणी राउटरांत भोंक पाडून वाट मोकळी करण्याचा सल्ला देतात. तो आम्हांस मुळींच मान्य नाहीं. या निरोपांत धाडणाऱ्याची ओळख पटविणारें कांहींच नसतें. कांहीं कार्डें परवलीचा शब्द मागतात, पण तोही उघड्यावरच प्रवास करतो. खंडणीखोर 'र्‍युक' या प्रणालीनें याच युक्तीनें बंद संगणक उठवून त्यांवरील कागद कुलूपबंद केल्याचें उघडकीस आलें आहे. तेव्हां व्हीपीएनच्या बंदिस्त वाटेनें प्रथम घरांत शिरावें आणि हांक आंतूनच मारावी. कित्येक राउटरांत ही दोन्ही कामें होतात. नसल्यास रास्पबेरी पायसारखें, दोन-चार वॅटांवर चालणारें चिमुकलें यंत्र अहोरात्र चालू ठेवावें.

आमच्याकडे विजेचा लपंडाव ही आणखी एक बाब. वीज पूर्ण जाऊन परत आली कीं कांहीं संगणकांचें कार्ड जागें राहण्याचें विसरतें, आणि एकदां हातानें चालू केल्यावांचून ऐकत नाहीं. वीज येतांच संगणक आपोआप सुरू व्हावा अशी तजवीज बायॉसमध्यें बहुधा असते. ती करून ठेवावी. आणि चिरंजीव परगांवीं निघण्यापूर्वीं त्यांच्याकडून दोन परीक्षा अवश्य घ्याव्यात : एक शेजारच्या खोलींतून, दुसरी घरचें वायफाय सोडून केवळ मोबाइलच्या डेटावरून. दुसरी परीक्षा मुख्य स्विच एकदां बंद करून पुन्हां चालू केल्यानंतरही घ्यावी.