दात दुखण्याची वाट का पाहावी?

उसात खोडकिडा शिरला तरी वरची पाने काही दिवस हिरवीच दिसतात. पोंगा सुकला की मग आपली धावाधाव. दातांचेही असेच आहे. दाताच्या वरच्या कठीण थराला संवेदना नसते, म्हणून कीड तेथे असेतो काही कळत नाही. ठणका लागतो तेव्हा ती बहुधा आत नसेजवळ पोहोचलेली असते आणि नुसते सिमेंट भरून भागत नाही.

ही कीड म्हणजे खरा किडा नव्हे. तोंडातले सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात, त्याने दात विरघळतो. रिंगणीच्या बियांच्या धुरीने किडे पडलेले पाहिले, असे सांगणारी वडीलधारी माणसे आम्हाला भेटतात. त्यांच्याशी आम्ही वाद घालत नाही, दवाखान्यात चला एवढेच म्हणतो.

तपासणी किती दिवसांनी करावी? दर सहा महिन्यांनी, असे सर्वत्र सांगतात. पण तो नियम सरसकट नाही. इंग्लंडमध्ये २००४ साली ठरलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे मोठ्या माणसांना ३ महिन्यांपासून २ वर्षांपर्यंत आणि १८ वर्षांखालील मुलांना ३ महिन्यांपासून १ वर्षापर्यंत मुदत असते. ज्याचा त्याचा धोका पाहून ती डॉक्टर ठरवतात.

आमच्या सीमाभागात दोन वर्षांची सवलत घेण्याजोगी माणसे थोडी. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने दात बळकट होतात हा भ्रम आहे. मिश्री लावणाऱ्या आयाबहिणी, तंबाखू-गुटखा खाणारे आणि मधुमेही यांनी सहा महिने चुकवू नयेत. तोंडात पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा तोंड पूर्वीइतके न उघडणे, यांतले काही दिसले तर मुदत न पाहता लगेच जावे.

बाळाला पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दाखवावे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे येणारी दाढ कायमची असते. पुष्कळ आईबाप तिला दुधाची समजून किडू देतात, याचे आम्हाला फार वाईट वाटते. गुऱ्हाळाच्या दिवसांत मुले दिवसभर गूळ-काकवी चाटत असतात. दातांच्या दृष्टीने गूळ ही साखरच. तो जेवणाबरोबर द्यावा आणि रात्री फ्लोराईडच्या पेस्टने दात घासूनच झोपवावे.

तारीख लक्षात राहत नाही, अशी तक्रार असते. ९ फेब्रुवारी हा दातदुखीच्या रुग्णांची आश्रयदाती संत अपोलोनिया हिचा सण. त्या आठवड्यात घरातल्या सर्वांनी एकदा जाऊन यावे. बेळगावला दंत महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. फक्त सकाळी लवकर निघावे.