परदेशातील टॅक्सी

मुलांनो, आपल्या खेड तालुक्यातील अनेक माणसे नोकरीसाठी सौदी अरेबिया, कुवेत, दुबई येथे जातात. कधी घरची मंडळीही त्यांना भेटायला जातात. खेडच्या स्टेशनबाहेर आपण रिक्षावाल्याला विचारतो आणि बसतो. परदेशात भाषा निराळी, रस्ते अनोळखी. मग टॅक्सी कशी मिळवायची?

तेथे उबेर, करीम अशा सेवा आहेत. करीम ही सेवा दुबईत २०१२ साली सुरू झाली. मोबाइलवर जायचे ठिकाण लिहिले की भाड्याचा अंदाज कळतो. गाडी ठरली की चालकाचे नाव व गाडीचा क्रमांक दिसतो.

गाडी समोर आली तरी लगेच बसू नका. आधी क्रमांक ताडून पाहा. सौदीतील गाड्यांच्या पाटीवर इंग्रजी आणि अरबी, दोन्ही अंक असतात. तुम्हांला उर्दू अंक येतातच. पण अरबी चार व सहा थोडे निराळे दिसतात. ते शिकून ठेवा. आपले नाव आधी सांगू नका. "कोणाला न्यायला आलात?" असे चालकालाच विचारा. मोबाइल बंद पडू शकतो, म्हणून घरचा पत्ता कागदावर लिहून जवळ ठेवा.

क्रमांक जुळला नाही, तर त्या गाडीत मुळीच बसू नका.