ठिणग्या दिसतात, परवाना दिसत नाही

रबाळे-महापेच्या एमआयडीसीत लेथ, मिलिंग, सीएनसीचे गाळे ढिगाने आहेत. चकमध्ये सळई धरायची, बोअर मारायचा, मायक्रॉनमध्ये माप घ्यायचं, हे तिथलं रोजचं काम. त्यामुळे 2011मध्ये डिस्कव्हरीवर सुरू झालेल्या ‘सन्स ऑफ गन्स’, ‘अमेरिकन गन्स’ या मालिका पाहताना कुणालाही वाटेल, हे तर आपला टर्नरही करील! गिऱ्हाईक येतं, फर्माईश सांगतं, ठिणग्या उडतात आणि जाहिराती धरून तासाभरात मनाजोगती बंदूक हजर.

हात करतीलही. पण आपला 1959चा शस्त्र कायदा वाचा, थक्क व्हाल. कलम 5नुसार बंदूक बनवायला आणि विकायला परवाना लागतोच, शिवाय दुरुस्तीला आणि चाचणीलाही लागतो. कलम 6 तर त्याहून भन्नाट. बंदूक तुमची, परवाना तुमचा, तरी नळी करवतीने आखूड करायची तर त्याचा वेगळा परवाना! नकली बंदूक खरी करणंही त्याच कलमात येतं. आणि नकली म्हणजे जी नुसती बंदुकीसारखी दिसते ती, मग तिच्यातून गोळी सुटो वा न सुटो. 2019च्या दुरुस्तीनंतर याला शिक्षा किमान 7 वर्षे, कमाल जन्मठेप. पडद्यावर पापणी लवायच्या आत संपणारा करवतीचा कट इतका महाग आहे.

नेरूळच्या माणसाला बंदूक बाळगायची असेल तर अर्ज जातो नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात, मग चौकशी. बनवायची असेल तर प्रकरण थेट केंद्रीय गृह मंत्रालयापर्यंत. तयार मालाची प्रूफ टेस्ट होते: नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस मुद्दाम उडवायचं, नळी टिकली तरच तिच्यावर शिक्का. वर कारखान्याचं नाव आणि क्रमांक ठोकलेला हवा, नाहीतर विक्री बंद.

अमेरिकेत हे सगळं सैल असेल असं आपण धरून चालतो. स्वतःपुरती बंदूक बनवायला तिथे केंद्राचा परवाना लागत नाही हे खरं. धंदा म्हणून बनवली किंवा विकली की लागतो. आणि इथेच खरी गंमत आहे. ‘अमेरिकन गन्स’चा नायक, कोलोरॅडोतला दुकानदार रिच वायट, याने 2012मध्ये आपला परवाना सोडून दिला होता. विक्री मात्र चालूच. त्या मालिकेतला सगळ्यात थरारक भाग कॅमेऱ्याबाहेर घडत होता! विनापरवाना विक्री आणि करचुकवेगिरीबद्दल 2017मध्ये न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं. शिक्षा साडेसहा वर्षांची.

असल्या कार्यक्रमांना ‘रिअ‍ॅलिटी’ म्हणणं मला तरी जड जातं. पुढच्या वेळी असं काही लागलं तर ठिणग्यांवर भुलू नका. नळीवर क्रमांक कोरताना दाखवतात का, तेवढं बघा.